दोन वेण्यांची बकरी

माझ्या आईच्या हातची चानकी माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिथूनच पेटलं. चानकी म्हणजे काही फार मोठी वस्तू नाही हो. ज्वारीच्या भाकरी थापून झाल्या की परातीच्या कडेला मूठभर पीठ उरतं, त्याची तळहाताएवढी भाकर. तोवर चुलीतली लाकडं निखाऱ्यावर आलेली असतात, त्यामुळे ती सगळीकडून सारखी भाजते, टम्म फुगते, आणि पापुद्रा उचलला की आतून अशी वाफ येते की जेवलेल्या माणसालाही भूक लागावी. त्यावर जवसाची चटणी आणि तेलाची धार. वसतिगृहातल्या सगळ्या मुली जेवून गेल्या, ताटं कट्ट्यावर पडली, की मी चुलीपुढच्या पाटावर जाऊन बसायचे आणि याडी ती चानकी माझ्या हातात द्यायची. दिवसभर ती साऱ्या जगाची मावशी असायची. तेवढ्या चानकीपुरती माझी.

याडी म्हणजे आई. आम्ही तांड्याची, बंजारा माणसं. घरात गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, आणि लिहायला बसले की ही पुस्तकातली मराठी, जी मी शाळेत थोडी आणि मेसच्या टेबलांवर अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर जास्त शिकले. सांडलेल्या वरणाखालची अक्षरं वाचत वाचत. आमचं मायलेकींचं बोलणं खरं तर गोरबोलीतलं, पण तुम्हाला कळावं म्हणून इथं वऱ्हाडीत लिहिते आहे. बापू, म्हणजे वडील, तांड्यावर, कळंबच्या पलीकडं, काकांसोबत कपाशी आणि तूर पाहायचे. बाजाराच्या दिवशी एसटीनं आमच्याकडं यायचे, पिशवीत कधी ओल्या तुरीच्या शेंगा, कधी अंबाडीची भाजी. आणि आम्ही दोघी यवतमाळात. पुढं चित्रकलेचं कॉलेज, त्याच्या मागं मुलींचं वसतिगृह, त्याच्या मागं मेस, आणि मेसच्या पाठीला पाठ लावून आमची एक खोली. याडी ती मेस चालवायची.

त्या आवाराला स्वतःचे वास होते. मातीकामाच्या शेडमधून ओल्या शाडूचा, वर्गांकडून टर्पेंटाईनचा, आणि तैलरंगाच्या वर्गातून चक्क जवसाच्या तेलाचा. याडीला याचं फार नवल. "माय व! हे तर आपलं खायाचं तेल. हे पोट्टे कपड्याले खाऊ घालून राह्यले!" कॅनव्हासला ती कपडाच म्हणायची. वर्षभर तिथं काही ना काही चाललेलं असायचं. मुलांनीच घडवलेला गणपती बसायचा आणि त्याचं नाक कोणी केलं यावरून विसर्जनापर्यंत भांडणं व्हायची. मग रांगोळीची स्पर्धा. थंडीत स्केचिंगची सहल, बहुतेक कळंबच्या चिंतामणीला, तिच्यासाठी याडी पहाटे उठून पोळ्या, आलूची सुकी भाजी आणि ठेचा बांधून द्यायची. आणि सगळ्यात शेवटी गॅदरिंग आणि वार्षिक प्रदर्शन. गॅदरिंगच्या सकाळी तर्रीपोहे. तर्रीचा लाल रंग हातावर घेऊन एकमेकांच्या गालाला फासणारी ती पोरं-पोरी मला अजून दिसतात.

ऑफिसशेजारी एका दारावर 'विद्यार्थी कल्याण' अशी देखणी पाटी होती, मुलांनीच रंगवलेली. आत चित्रं टेकवायचे मोडके इझल भरलेले आणि दाराला कुलूप. कल्याण व्हायचं ते मेसमध्ये. कोणाला ताप आला, चला मावशीकडं. ओढणीवर तेलरंग सांडला, मावशीकडं. घरची आठवण येऊन रडू फुटलं, मावशीकडं. सकाळी आंघोळीच्या पाण्याचा बंबही तीच पेटवायची. मुलींनी तिला मावशी म्हणण्याचं मला कधी काही वाटलं नाही. मावशी कितीही जणींची होता येतं.

मग विजया आली. मुकुटबनकडची, शेतकऱ्याघरची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. उंच, सावळी, लांब बोटांची. तिची आई त्याच उन्हाळ्यात गेली होती. हे वसतिगृहात सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं, पण दुसऱ्याची आई जाणं म्हणजे काय हे त्या वयात कुठं कळतं? मला एवढंच दिसायचं की तिचं ताट भरलेलं येतं आणि भरलेलंच परत जातं. एका संध्याकाळी याडीनं ते ताट उचललं, त्याच्याकडं पाहिलं, आणि दारातून जाणाऱ्या विजूला हाक मारली.

"ये व इकडे. ताटात काहून ठेवते सारं? गोड नाही लागत का?"

"भूक नाही, मावशी."

"भूक नसन तर नको खाऊ. नुसती बस. इथं शेक लागते."

ती बसली. कुठं? माझ्या पाटावर. मी ताटांच्या कट्ट्यापाशी उभी. याडीनं परातीतलं उरलेलं पीठ बोटांनी गोळा केलं, थापलं, तव्यावर टाकलं, मग निखाऱ्यावर. पापुद्रा उचलला, चटणी घातली, तेल सोडलं, आणि ती चानकी विजूच्या हातात ठेवली. विजूनं खाल्ली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण खाल्ली, शेवटचा तुकडा पुसून खाल्ली. मी याडीकडं पाहत राहिले. तिला कळलं असावं. म्हणाली, "तुयासाठी ठेवली ना भाकर, जमने. टोपल्यात हाये, मोठी."

मोठी! मोठ्या भाकरी तर वसतिगृहाच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, आणि त्यानंतर रोज. पाट विजूचा झाला. लोक म्हणतात, मत्सरानं पोटात जळतं. माझं कानामागं जळायचं. चुलीपासून लांब उभी राहिले तरी कान तापायचे. विजू वाईट नव्हती, हीच तर मोठी पंचाईत. ती माझ्या वेण्या घालून द्यायची, लाल रिबिनी इतक्या नीट बांधायची की शाळेत पोरी विचारायच्या. वाईट असती तर मला बरं पडलं असतं.

एकदा तिनं विचारलं, "मावशी, तुमच्यात आईले काय म्हणतात?"

"याडी."

"अन् भाकरीले?"

"बाटी."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी, सगळ्या मुलींसमोर, ती ताट पुढं करून म्हणाली, "याडी, बाटी दे!" मुली खो खो हसल्या. याडी तर डोळ्यांत पाणी येईतो हसली. माझ्या हातात पाण्याचा जग होता, तो मी टेबलावर आपटला. "ते मायी याडी हाये! तुयी मावशी हाये!"

विजूचा चेहरा उतरला. याडीनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "अवं, शब्दाले काय झालं? झिजून राह्यला का तो?"

पण मला वाटत होतं की हो, झिजतो.

त्यानंतर विजू पुन्हा मावशी म्हणायला लागली. तेवढं तिनं माझं ऐकलं. पण पुढच्या वर्षी पोर्ट्रेटचा वर्ग आला, आणि माझं खरं नुकसान व्हायला लागलं ते तिथं. पोर्ट्रेट म्हणजे समोर माणूस बसवून त्याचं चित्र काढायचं. बसायला कॉलेज बाहेरची माणसं आणायचं. कधी देवळासमोरचा बाबा, कधी भाजीवाली, कधी पांढऱ्या मिशांचा कोणी आजोबा. हे आजोबा हमखास झोपायचे आणि मुलांना त्यांची मान रोज नव्या बाजूला पडलेली काढावी लागायची. प्रदर्शनाच्या चित्रासाठी मात्र विजूच्या मनात वेगळंच होतं. आमच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत याडीचा लग्नातला पोशाख होता. फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, कांचळी, म्हणजे आरशांची चोळी, कवड्या आणि आरशांची ओढणी, आणि कानाशी केसांना लावायची चांदीची घुगरी. मेस धरल्यापासून याडी साडीच नेसायची. ते सगळं अंगावर घातलेली याडी पाहायची तर मला तांड्यावरच्या होळीची वाट पाहावी लागायची. आणि विजू म्हणाली:

"मावशी, तुम्ही बसा ना फेटिया घालून. दुपारचं. जेवणं झाल्यावर."

"बाप्पा! मले कुठी बसता येते? मी बसली का झोप लागते मले."

"झोपा मंग. मी झोपलेल्या काढतो."

"सर राहतीन ना तिथं?"

"राहतीन ना. शिकवतात ते."

"मंग नाही जमत. ते जमनाच्या बापूहून मोठे हायेत, जेठासारखे, थोरल्या दिरासारखे. त्यायच्यासमोर फेटिया घालून तोंड उघडं ठेवू का मी?"

आता याच सरांना ती रोज चहा देत होती, वर भांडत होती की साखर कमी खा. पण ते साडीत. तांड्याचा पोशाख अंगावर आला की तांड्याची रीतही अंगावर येते, आणि त्या रीतीत नवऱ्याहून मोठ्या पुरुषासमोर ओढणी पुढं ओढावीच लागते. ओढणी पुढं ओढलेल्या बाईचं पोर्ट्रेट काय काढणार? मला वाटलं, सुटले. पण सरही काही कमी नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढंच ना? खुर्ची फिरवा."

तशी खुर्ची फिरली. लाकडी चौथऱ्यावर याडी अशी बसली की सर आणि सगळी मुलं तिच्या पाठीमागं, आणि समोर फक्त मुली. मुलांनी ओरड केली. "सर, आमच्या वाट्याले नुसती पाठ?" सर म्हणाले, "पाठ काढा. आरसे काढता काढता नाकी नऊ येतील तुमच्या." समोरच्या मुलींत मधोमध विजू. विजूच्या मागं भिंत, आणि भिंतीत पश्चिमेची मोठी खिडकी. दुपारचं ऊन चित्रांवर येऊ नये म्हणून सरांनी त्या खिडकीच्या काचांना पांढरा रंग फासून घेतला होता.

पहिल्या दिवशी विजूनं खडू घेतला आणि याडीच्या पावलांभोवती रेघ मारली. खुर्चीच्या पायांभोवतीही मारली. बसणारं माणूस मधेच उठतं, दुसऱ्या दिवशी परत येतं, तेव्हा ते त्याच जागी तसंच बसावं म्हणून या खुणा करतात. पायाला खडू लागला तशी याडी गुदगुल्या होऊन हसली, हे मला मुलींनी सांगितलं. मला त्या वर्गात जायची मनाई होती, कारण मी तांदूळ निवडायचे होते. याडी बसायला गेली की तिचं काम माझ्यावर. म्हणजे बघा, आई तर गेलीच, वर तांदूळही.

मी कसली निवडते! तेलाचा रिकामा पिपा उचलून त्या खिडकीखाली उपडा घातला आणि वर चढले. काचेचा रंग एका जागी नखानं खरवडला, डोळ्यापुरता. आत पाहिलं.

याडी बसली होती. माझ्या आयुष्यात मी तिला बसलेली पाहिलीच नव्हती. भाकरी थापताना ती बसायची, पण तेव्हा तिचे खांदे, हात, मान सगळं चालू असायचं. जेवायची तीही उकिडवी, एक गुडघा उठायच्या तयारीत ठेवून. आणि इथं ती हात मांडीवर ठेवून, पाठ टेकून, घुगरी कानाशी लोंबत असलेली, अशी बसली होती की जणू चुलीवर काही उतू जायचं उरलंच नाही जगात. मला ती इतकी सुंदर वाटली की मला रागच आला. हे पाहायचं तर माझ्या डोळ्यांनी पाहायचं ना? आणि पाहत कोण होती, तर विजू. नुसती पाहत नव्हती. डोळे बारीक करून, एक डोळा मिटून, ब्रश आडवा धरून नाकापासून हनुवटी मोजत होती. माझ्या याडीची हनुवटी! मी तिच्या कुशीत झोपायचे तरी ती हनुवटी किती लांब ते मला ठाऊक नव्हतं.

मग मी काय करायचं? मी पिप्यावर उभी राहून विजूच्या पाठीला वेडावून दाखवायला लागले. तिच्यासारखी मान वाकडी केली, हवेत ब्रश धरला, एक डोळा मिटून खांबाचं नाक मोजलं. जीभ काढली. दोन्ही अंगठे कानांना लावून बोटं हलवली. रोज नवीन काहीतरी. विजूची पाठ माझ्याकडं, तिला दिसायचं काही कारण नव्हतं, आणि काच तर पांढरी. आतून कधीकधी आवाज यायचा.

"मावशी, हसू नका ना. ओठ हालून राह्यले."

"नाही हसत व. तू काढ."

"अन् नजर इकडे ठेवा."

"इकडेच तर हाये."

मला वाटायचं, काय एवढ्या हसतात या दोघी? माझ्यासोबत तर याडी काम करता करता बोलते, अर्धं माझ्याशी अर्धं भांड्यांशी. आणि मी आणखी जोरात जीभ काढायचे. प्रदर्शन लागेपर्यंत हे असंच चालू राहिलं.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये पताका, ट्यूबलाईटी, उदबत्त्या. गावातली माणसं, साहेब लोक, मुलांचे आईबाप खेड्यांवरून आलेले, चित्रांपुढं चपला काढून उभे राहणारे. मी नवा फ्रॉक घालून आत शिरले आणि समोरच्या भिंतीवर, बरोबर मधे, याडी. तिच्याखाली लाल कागदावर पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी. आणि त्याच्याखाली चित्राचं नाव. विजूच्या वळणदार अक्षरात: 'याडी'.

तोंडानं म्हणायचं बंद केलं होतं तिनं. आता भिंतीवर लिहून ठेवलं होतं, साऱ्या यवतमाळला वाचायला.

नागपूरहून आलेले पाहुणे माईकवर बोलत होते. चित्राकडं हात करून म्हणाले, "या स्त्रीचे ओठ पाहा. पिढ्यान् पिढ्यांची वेदना तिनं या ओठांत दाबून धरली आहे." टाळ्या. मग कोणीतरी ओरडलं, मावशीला बोलवा. याडी दारात चहाची किटली घेऊन उभी होती, साडीतच. तिला ओढत पुढं नेलं, हातात नारळ दिला. विजू खाली वाकली आणि तिच्या पाया पडली. आणि याडीनं नारळ काखेत धरून, किटली दुसऱ्या हातात घेऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला, पूर्ण तळहात, जसा फक्त माझ्या डोक्यावर ठेवायची.

मी तिथून निघाले. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं, पाय पोर्ट्रेटच्या वर्गात गेले. वर्ग रिकामा. इझल भिंतीला लावलेले. चौथऱ्यावर ती खुर्ची तशीच होती, आणि खडूच्या खुणाही, जराशा पुसट. मी वर चढले आणि बसले. माझी जागा घेतात काय सगळे, मग मीही घेते. पाय त्या खुणांच्या आत ठेवले. माझ्या पावलांभोवती खूप जागा उरली. हात मांडीवर ठेवले, पाठ टेकली, समोर पाहिलं.

समोर ती खिडकी. बाहेर ऊन उतरतीला लागलेलं, आणि पांढऱ्या काचा उजेडानं अशा भरून आलेल्या की नाटकाचा पडदाच. मी आपली रडत बसले होते. तेवढ्यात बाहेर 'टण्' असा आवाज झाला. मागच्या वस्तीतली एक बकरी होती, आमच्या मेसच्या सालपटांवर पोसलेली. ती माझ्या पिप्यावर चढली. बकरीला उंच काही दिसलं की चढल्याशिवाय राहवत नाही. आणि त्या पांढऱ्या काचेवर अख्खी बकरी उमटली. काळीभोर सावली, वळलेली शिंगं, दाढी, हलणारे कान. रवंथ करत होती; जबडा डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, आणि दाढी त्याच्यासोबत झुलत होती. मग तिनं जीभ बाहेर काढून काच चाटली. सावलीची लांबलचक जीभ! मी रडता रडता फिसकन हसले. मोठ्यानं हसले, एकटीच, त्या रिकाम्या वर्गात.

आणि हसता हसता थांबले.

पिपा माझा. खिडकी माझी. ऊन याच वेळचं. पांढऱ्या काचेतून बाहेरचं दिसत नाही हे खरं, पण उन्हात उभं राहिलेल्या माणसाची सावली तर तिच्यावर पडते ना. दोन वेण्या, रिबिनीची फुलं, वाकडी मान, हवेतला ब्रश, कानांना लावलेले अंगठे, सगळं. बरोबर विजूच्या डोक्यावर. विजूच्या पाठीमागं असल्यामुळे ते विजूला दिसलं नाही. बाकीच्या मुलींना दिसलं नाही. मुलं आणि सर तर याडीच्या मागं, मान खाली घालून आरसे काढण्यात गुंतलेले. या खुर्चीतून, या खुणांमधून दिसत होतं ते एकट्या याडीला.

मी धावत हॉलमध्ये आले. गर्दी चहाकडं वळली होती. चित्रापुढं जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदा ते नीट पाहिलं. ते ओठ! कसली वेदना आणि कसलं काय. मी ओळखत नाही का ते ओठ? बापू कीर्तनात डुलकी घ्यायला लागले की याडी असेच ओठ आत ओढायची. ती हसू दाबत होती हो, दुसरं काही नाही. आणि डोळे विजूकडं नव्हतेच. विजूच्या खांद्यावरून, जरा वर, पलीकडं.

याडी किटली घेऊन माझ्याजवळ आली. "कुठी गेलती? पोहे ठेवले तुयासाठी."

"याडी, मी तिथं बसून पाह्यलं. खुर्चीवर. काचेवर बकरीची सावली पडते."

"हो का?" तिनं एका पाहुण्याचा कप भरला, तो जाईपर्यंत थांबली. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "आज खरी आली असन. रोज दुसरीच येत होती. दोन वेण्यांची."

"मंग तू रागावली काहून नाही?"

"कायले रागावू? तेवढाच तर टाइमपास होता मले. नाहीतर दोन दोन घंटे कोणाच्यानं बसणं होते?" आणि तिनं ओठ आत ओढले, अगदी भिंतीवरच्यासारखे, आणि किटली घेऊन पुढं निघून गेली.

तुम्हाला वाटेल, त्या संध्याकाळी चानकी मला मिळाली. नाही हो. विजूलाच मिळाली, पहिलं बक्षीस म्हणून वर तूप घालून. आणि माझे कान तापलेच. फक्त त्या दिवशी मी पाटाच्या दुसऱ्या टोकाला बसून टोपल्यातली मोठी भाकर खाल्ली आणि उभी राहिले नाही.

याडीला जाऊन आता फार वर्षं झाली. तिचा धड एक फोटो नाही माझ्याकडं. गॅदरिंगचा एक आहे, त्यात ती मोठ्या कढईमागं, निम्मी वाफेत. चित्र विजूताईकडं आहे. ती शाळेत ड्रॉइंग मास्तरीण होती, निवृत्त झाली, इथं यवतमाळातच राहते. ऑटोनं गेलं की लवकर पोचते मी. बैठकीच्या भिंतीवर याडी. मी ते कधी मागितलं नाही आणि तिनं कधी दिलं नाही. माझ्या नातीनं मोबाईलवर त्याचा फोटो काढून दिला आहे मला, मोठा करून पाहिला तर नुसते रंगाचे फटकारे दिसतात. तिच्या घरी येणारे लोक विचारतात, या कोण? विजूताई सांगते, माझी मावशी. आणि माझे कान अजून तापतात, या वयात, खोटं कशाला बोलू.

मागच्या खेपेला ती म्हणाली, "जमना, तुले माहीत हाये? सर म्हणत होते, नजर चुकली तुयी, समोर आण. मी नाही आणली. जिकडे पाह्यत होती मावशी तिकडेच काढली. एवढे दिवस मी समोर बसली, पण मायाकडे एकदा पाह्यलं असन तर शपथ. मले वाटे, मायी आई गेली तर हिनं तरी पाहावं मायाकडे. ज्या कोणाकडे पाह्यत होती ना, त्याचा असा राग येये मले!"

मी चहा फुंकत राहिले. खिडकीचं मी तिला आजवर सांगितलेलं नाही. चानकी दिली, पाट दिला, याडी हा शब्द दिला, चित्रही तिच्याकडंच आहे. एवढं एक माझ्याकडं ठेवलं होतं. आता हे छापून आलं की वाचेल ती, वाचू दे.

तिच्या बैठकीत चित्रासमोर चांगला गादीचा सोफा आहे. मी त्यावर बसत नाही. बाजूला, याडीची नजर जाते त्या दाराकडच्या कोपऱ्यात एक प्लास्टिकची खुर्ची असते, तिच्यावर बसते. विजूताई दर वेळी म्हणते, "अवं, तिथून काही दिसत नाही, रंगावर उजेड चमकते. समोर बस ना व." मी म्हणते, इथंच बरं हाये मले. मग ती चहा ठेवायला आत जाते. भांड्याचा आवाज आला, गॅस पेटला, की मी एकदा दाराकडं पाहून घेते, आणि दोन्ही अंगठे कानांना लावते.